धूर, तळं आणि मार्टिन बर्च

माँत्रोला सगळे जातात ते फ्रेडीसोबत फोटो काढायला. आम्ही गेलो एक जुनं भांडण मिटवायला!

युरोपच्या पॅकेज टूरमध्ये माँत्रोच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. सकाळी शियोंचा किल्ला, मग तळ्याकाठी फ्रेडी मर्क्युरीच्या पुतळ्याशेजारी एक हात वर करून फोटो, वेळ उरलाच तर चॉकलेट खरेदी. तेवढ्यात टूर मॅनेजरची 'चला, चला, गाडी निघतेय' अशी हाक येते, की सगळी मंडळी पुढच्या बर्फाकडे रवाना. मागे जिनिव्हाचं निळंशार तळं, समोर फ्रान्सचे डोंगर, उतारावर द्राक्षाचे मळे. फोटो काय, कुठूनही काढा, चांगलाच येतो.

पण याच गावाच्या टोकाला, तेरिते नावाच्या भागात, एक जुनी भलीमोठी इमारत आहे. तिच्यापुढे कुठलीच टूर बस थांबत नाही. १९७१च्या डिसेंबरमध्ये, हिवाळ्यासाठी बंद पडलेल्या या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये डीप पर्पल या इंग्लिश बँडने 'मशीन हेड' रेकॉर्ड केला. बाहेर एक ट्रक उभा होता. त्या ट्रकमध्ये जेमतेम बावीस वर्षांचा एक तरुण टेप फिरवत बसला होता. मार्टिन बर्च त्याचं नाव.

नाव ऐकलं नसेल कदाचित. काम मात्र नक्की ऐकलंय. हातात पहिल्यांदा गिटार आली की ऐंशी टक्के पोरं जी धून सगळ्यात आधी खाजवून बघतात, ती 'स्मोक ऑन द वॉटर'ची. ती टेपवर पकडणारा माणूस हाच. कॉलेजात असताना ज्याच्या काळ्या टी-शर्टवर तो सापळ्यासारखा एडी होता, त्या आयर्न मेडनचे १९८१ ते १९९२ या काळातले सगळे स्टुडिओ अल्बम याचेच. रेनबो, व्हाइटस्नेक, ब्लू ऑयस्टर कल्ट, डिओ आल्यानंतरचा ब्लॅक सॅबथ... यादी संपत नाही. मग या माणसाचं सगळ्यात भारी काम कुठलं? आमच्या ग्रुपचं भांडण नेमकं इथेच अडलेलं आहे.

तीन भिडू, तीन अल्बम

आधी पात्रपरिचय. पर्पलवाला माझा कॉलेजचा मित्र. पक्का पुणेकर, सध्या झुरिकला आयटीत. मेडनवाला त्याचा ठाण्याचा मावसभाऊ. आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, म्हणून सगळ्यांचा दादा. १ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनने आपल्या वर्ल्ड टूरचा नारळ फोडला, तेव्हा हा बारावीच्या परीक्षेला टांग मारल्यासारखा अभ्यास करून तिथे हजर होता. हे तो आजही दर भेटीत एकदा सांगतो. आणि तिसरी डिओवाली. नाशिकची, माझी एके काळची रूममेट. रॉनी जेम्स डिओ जिथे जिथे गायला ते सगळं पवित्र, एवढा साधा तिचा फंडा.

हे भांडण राजमाचीच्या वाटेवर झालंय, लग्नाच्या पंगतीत झालंय, रात्री दोन वाजता फोनवर झालंय. पर्पलवाल्याचं उत्तर १९७२चं 'मशीन हेड'. मेडनवाल्याचं १९८२चं 'द नंबर ऑफ द बीस्ट', आणि मूड असला तर १९८४चं 'पॉवरस्लेव्ह'. डिओवालीचं १९७६चं रेनबोचं 'रायझिंग', आणि फारच ताणलं तर १९८०चं सॅबथचं 'हेवन अँड हेल'. मी पंच. म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणारी.

शेवटी डिसेंबरात आम्ही दोघी सुट्टी जोडून झुरिकला पोहोचलो, दादा ऑफिसच्या कामासाठी जर्मनीत होता, तो ट्रेन पकडून आला. पर्पलवाल्याने फर्मान काढलं, "चला माँत्रोला. जागा बघा, मग बोला."

लोझानवरून ट्रेन तळ्याच्या काठाकाठाने जाते. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले द्राक्षमळे. वीस-पंचवीस मिनिटांत माँत्रो. खिडकीची सीट सोडू नका एवढंच सांगते.

फ्रेडी, पाचगणी आणि पुढचा रस्ता

डिसेंबरात तळ्याकाठचा अख्खा रस्ता ख्रिसमस मार्केटने भरलेला असतो. लाकडी झोपड्या, दिव्यांच्या माळा, वितळलेल्या चीजचा वास, हातात गरम वाइनचा मग. त्या गर्दीत तीन मीटर उंचीचा फ्रेडी तळ्याकडे तोंड करून मूठ उंचावून उभा आहे. हा पुतळा १९९६चा.

आपल्याला या फ्रेडीचं जरा जास्तच कौतुक, आणि ते रास्तच आहे. झांझिबारला जन्मलेला हा पारशी पोरगा, फारुख बलसारा, शाळा शिकला आपल्या पाचगणीत. शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायलाही तिथेच लागला. पाचगणीच्या टेबललँडवरून माँत्रोच्या तळ्यापर्यंत! क्वीनने १९७८ मध्ये इथल्या माउंटन स्टुडिओत 'जॅझ'चं काम केलं, पुढच्या वर्षी तो स्टुडिओच विकत घेतला, आणि १९९१ मध्ये आजारी फ्रेडीने शेवटची गाणी इथेच गायली. तो स्टुडिओ होता कॅसिनोच्या इमारतीत. २०१३च्या डिसेंबरमध्ये तिथे क्वीनचं छोटंसं म्युझियम उघडलं.

फ्रेडीसोबत रीतसर फोटो झाले. तिथून जवळच, तळ्याकाठी आणखी एक स्मारक आहे. डीप पर्पलचं नाव, गाण्याचं नाव आणि त्या सुप्रसिद्ध धूनची नोटेशन. बहुतेक लोक त्याच्यासमोरून निघून जातात. पर्पलवाला मात्र तिथे देवळात उभा राहावा तसा उभा राहिला.

"यावर बर्चचं नाव कुठाय?" दादाने विचारलं.

"नाही ना," पर्पलवाला म्हणाला. "तेच तर सांगायला इथे आणलंय."

कॅसिनो जळाला तेव्हा

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती गाण्यातच आहे आणि निम्म्या जगाला पाठ आहे. डीप पर्पलला नवा अल्बम करायचा होता, आणि स्टुडिओच्या बंद, गुळगुळीत वातावरणात नको होता. स्टेजवर वाजवतो तसाच आवाज टेपवर यावा, ही त्यांची इच्छा. माँत्रोचा कॅसिनो हिवाळ्यात बंद होणार होता, म्हणजे हॉल रिकामा मिळणार. रेकॉर्डिंगसाठी रोलिंग स्टोन्सचा मोबाइल स्टुडिओ भाड्याने घेतला. हा म्हणजे सगळं रेकॉर्डिंगचं सामान आत बसवलेला ट्रक. लेड झेपलिनपासून खुद्द स्टोन्सपर्यंत भल्याभल्यांनी तो वापरलाय. आज तो कॅनडात, कॅलगरीच्या नॅशनल म्युझिक सेंटरमध्ये जपून ठेवलाय.

कॅसिनोतला बंद होण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम होता फ्रँक झापाचा, ४ डिसेंबर १९७१ला. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन उडवली. छताने पेट घेतला आणि बघता बघता अख्खा कॅसिनो जळून गेला. माँत्रो जॅझ फेस्टिव्हलचे संस्थापक क्लोद नोब्स यांनी पोरांना बाहेर काढायला धावपळ केली. नशीब म्हणायचं, कुणाचा जीव गेला नाही. पर्पलची मंडळी हॉटेलमधून बघत होती. आगीचा धूर तळ्यावर पसरत चालला होता. बासिस्ट रॉजर ग्लोव्हरला पुढे झोपेतून उठता उठता गाण्याचं नाव सुचलं.

आता ट्रक आहे, बँड आहे, हॉल नाही. नोब्स यांनी पॅव्हिलियन नावाचं एक थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री एका धूनचा मूळ ट्रॅक वाजवून झाला आणि आवाजाने वैतागलेल्या शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. बँडवाले सांगतात, टेक पुरा होईपर्यंत त्यांच्या माणसांनी दार उघडलंच नाही! तो ट्रॅक म्हणजेच 'स्मोक ऑन द वॉटर'. म्हणजे जगातली बहुधा सगळ्यात जास्त वाजवलेली गिटारची धून शेजाऱ्यांच्या तक्रारीत रेकॉर्ड झाली. सोसायटीत गणपतीच्या दिवसांत राहिलेल्या कुणालाही हा सीन डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडू नयेत.

गाद्या, कॉरिडॉर आणि बाहेरचा ट्रक

कॅसिनोपासून तळ्याच्या कडेकडेने चालत निघालं की रमतगमत अर्ध्या तासात तेरिते येतं. मार्केटचा गोंगाट मागे राहतो. पाण्यावर बदकं, बाकावर दोन-चार आजी-आजोबा, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. इथे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, म्हणजे सिसी, मुक्कामाला यायची. तिचा पांढरा पुतळा बागेत आहे. १८८३ पासून तेरितेहून वर ग्लियोंला जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर चढणारी गाडी, अजून चालते. एके काळी युरोपातल्या श्रीमंतांनी गजबजलेलं हे ठिकाण.

आणि त्यातलंच ते ग्रँड हॉटेल. हॉटेल म्हणून त्याचे दिवस कधीच संपले. आत शिरायचा प्रश्न येत नाही, रस्त्यावरूनच मान वर करून बघायचं. उंच खिडक्या, लोखंडी कठड्यांच्या बाल्कन्या, मागे सरळ चढत गेलेला डोंगर. पर्पलवाल्याने फोन काढला, हेडफोनचं एक टोक मला दिलं आणि 'हायवे स्टार' लावलं.

आता कल्पना करा. मोठं हॉटेल, एकही पाहुणा नाही, डिसेंबरची थंडी. तळमजल्याच्या लॉबीला लागून 'टी' आकाराचा कॉरिडॉर. तिथे ड्रम्स, अँप्लिफायर, ऑर्गन. आवाज एकमेकांत फार मिसळू नयेत, घुमू नयेत म्हणून हॉटेलच्याच गाद्या आडव्यातिडव्या उभ्या केलेल्या. ट्रक मुख्य दाराशी. वाजवलेलं ऐकायचं तर बँडला खोल्यांमधून, बाल्कन्यांवरून, जिन्यांवरून वळसे घेत बाहेर थंडीत ट्रकपर्यंत जायचं, ऐकायचं, आणि तसंच परत यायचं. दोन-चार वेळा केल्यावर त्यांनी नाद सोडला. टेक कसा झालाय ते बाहेर बसलेल्या बर्चने सांगायचं, आणि त्याच्या शब्दावर पुढचं गाणं घ्यायचं.

६ ते २१ डिसेंबर. सोळा दिवसांत अल्बम उरकला. सात गाणी. मार्च १९७२ मध्ये तो आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला.

"हे ऐक," पर्पलवाला सांगत होता. "जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवायचा. म्हणजे ऑर्गन पण खरखरीत, गिटार पण खरखरीत. दोघं एकाच पट्टीत भांडतायत. दुसऱ्या कुणी रेकॉर्ड केलं असतं तर नुसता चिखल झाला असता. इथे दोघं वेगळे ऐकू येतात की नाही?"

येतात. मान्य करावंच लागतं. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात आठवा. आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट आणि ऑर्गन, मग बाकीचे ड्रम्स, आणि सगळ्यात शेवटी बास. एकेक माणूस खोलीत येऊन बसावा तसं. प्रत्येक जण नेमका कुठे बसलाय हे डोळे मिटून सांगता येतं. 'पिक्चर्स ऑफ होम'मध्ये बास सोलो येतो तो अगदी कानाशी. 'मेबी आय अ‍ॅम अ लिओ'चे ड्रम्स कोरडे, ठाम. उगाच केलेला गाजावाजा कुठेच नाही.

नाव कुणाचं?

इथे डिओवालीने बाउन्सर टाकला. "पण कव्हरवर प्रोड्यूसर म्हणून कोण आहे? डीप पर्पल! बर्च तिथे नुसता इंजिनिअर. प्रोड्यूसरचं बेस्ट काम विचारलंय ना? मग हा अल्बम यादीतच बसत नाही."

तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर आहे. इंजिनिअरने माइक लावायचे, आवाज टेपवर नीट उतरवायचा. प्रोड्यूसरने काय वाजवायचं, कुठला टेक ठेवायचा, गाणं कुठे थांबवायचं हे ठरवायचं. सिनेमात कॅमेरामन आणि दिग्दर्शक असतात तसंच काहीसं. बर्च 'मशीन हेड'ला पहिला होता. दुसऱ्या खुर्चीवर तो हळूहळू सरकला. १९७४च्या 'स्टॉर्मब्रिंगर'वर बँडसोबत प्रोड्यूसर म्हणून त्याचंही नाव आलं, आणि 'रायझिंग'वर प्रोड्यूसर एकटा तो.

पण खरं सांगा, ज्या अल्बमच्या वेळी बँड स्वतःचा टेक ऐकायलाही जात नव्हता, तिथे टेक चांगला की वाईट हे कोण ठरवत होतं? ट्रकमधला पोरगा. प्रोड्यूसरचं निम्मं काम तर तेच. बँडला हे कळतही होतं. १९७०च्या 'इन रॉक'वर त्यांनी 'हार्ड लव्हिन मॅन' हे गाणं बर्चला अर्पण केलंय आणि तिथे त्याला उत्प्रेरक म्हटलंय. रसायनशास्त्रात उत्प्रेरक काय करतो? त्याच्यामुळे क्रिया घडते, आणि शेवटच्या पदार्थात तो दिसत नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. हिंदी सिनेमाची जुनी गाणी घ्या. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरनी त्या चालींना व्हायोलिनच्या फौजा दिल्या, हार्मनी दिली. रेडिओवर नाव आलं संगीतकाराचं. गोन्साल्विसांचं नाव घराघरात पोहोचलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'त ते गाण्यात गुंफलं तेव्हा. आणि तुमच्या-माझ्या ऑफिसात तरी वेगळं काय चालतं? रात्रभर बसून प्रेझेंटेशन करायचं एकाने, आणि सकाळी क्लायंटपुढे उभं राहायचं दुसऱ्याने. म्हणूनच कदाचित हा वाद आम्हाला एवढा झोंबतो. अल्बम कुठला भारी हे निमित्त. खरा प्रश्न आहे, कामाचं माप नावावरून काढायचं की कामावरून.

दादाची बाजू

मेडनवाला इतका वेळ गप्प होता. वर बघत म्हणाला, "जागा भारी आहे. पण बर्चने बँड घडवला तो एकच. आमचा."

त्याचं म्हणणं असं. १९८०चा मेडनचा पहिला अल्बम ऐका. गाणी जबरदस्त, आवाज विस्कटलेला. बँडही त्यावर खूश नव्हता. पुढच्याच वर्षी 'किलर्स'ला बर्च आला आणि तीच पोरं एकदम मोठी झाली. मग ब्रूस डिकिन्सन आला, 'द नंबर ऑफ द बीस्ट' आला आणि ब्रिटनमध्ये थेट पहिला नंबर. त्या गाण्याच्या पहिल्या ओळी बर्चने डिकिन्सनकडून तासन्‌तास पुन्हा पुन्हा गाऊन घेतल्या. बिचारा चिडला, वैतागला, आणि मग ती सुप्रसिद्ध किंकाळी आली. याच रेकॉर्डिंगच्या दिवसांतला एक किस्सा मेटलवाल्यांमध्ये फेमस आहे. बर्चच्या गाडीची ठोकर नन्सच्या व्हॅनला बसली आणि दुरुस्तीचं बिल आलं नेमकं ६६६ पौंड! किस्सा किती तिखटमीठ लावलेला आहे देव जाणे, पण तो सांगितल्याशिवाय दादाचा युक्तिवाद पुरा होत नाही.

"आणि 'पॉवरस्लेव्ह'?" तो पुढे म्हणाला. "शेवटचं गाणं साडेतेरा मिनिटांपेक्षा मोठं. दोन गिटार, घोडा दौडल्यासारखा बास, मध्ये जहाजाच्या लाकडाची करकर. एवढं सगळं आणि एकदाही जांभई येत नाही. हे इंजिनिअरचं काम नाही, दिग्दर्शकाचं आहे."

डिओवाली म्हणाली, "दादा, दिग्दर्शनच बघायचं तर 'रायझिंग' बघ ना. सहा गाणी, जेमतेम तेहतीस मिनिटं. 'स्टारगेझर'मध्ये कोझी पॉवेलचे ड्रम्स, ब्लॅकमोरची गिटार, डिओचा आवाज आणि वर म्युनिक फिलहार्मोनिकचा ऑर्केस्ट्रा. कुणीही कुणाखाली दबत नाही. आणि 'हेवन अँड हेल'? ऑझी गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं सॅबथ संपला. बर्चने आणि डिओने त्याला पुन्हा उभं केलं."

तोच ट्रक, तोच माणूस

थंडी वाढली तसे आम्ही शियोंच्या दिशेने चालू लागलो. पर्पलवाला आता जागेचं महात्म्य सांगायला लागला. कॉरिडॉर, गाद्या, ट्रक, हा आवाज स्टुडिओत मिळालाच नसता, वगैरे. १९७३च्या नोव्हेंबरात डीप पर्पल पुन्हा माँत्रोलाच आले, तोच ट्रक घेऊन, आणि 'बर्न' केला. गायक नवा, बासिस्ट नवा, तरी आवाज दणदणीत. म्हणजे जादू इथल्या हवेतच आहे, असा त्याचा सूर.

तेव्हा दादाने स्वतःच्याच बँडचा बळी दिला, आणि याबद्दल मी त्याला सगळे गुन्हे माफ केले. "१९९०," तो म्हणाला. "'नो प्रेयर फॉर द डाइंग'. स्टीव्ह हॅरिसच्या एसेक्समधल्या धान्याच्या कोठारात रेकॉर्ड केला. कशात माहितीय? याच रोलिंग स्टोन्सच्या ट्रकमध्ये. प्रोड्यूसर हाच बर्च. स्टुडिओ नको, रांगडा आवाज हवा, हाच विचार. आणि झाला काय? मेडनच्या फॅन्सना विचार. आमच्यातले कडवेसुद्धा त्या अल्बमची बाजू घेताना दोनदा विचार करतात."

सगळे थोडा वेळ गप्प. ट्रक तोच. माणूस तोच. स्टुडिओबाहेरची ओबडधोबड जागा, तीही तशीच. तरी एक अल्बम पन्नास वर्षांनंतरही ताजा, आणि दुसरा फॅन लोक दिलगिरी व्यक्त करत ऐकतात.

माझ्या मते आमच्या भांडणातला सगळ्यात कामाचा मुद्दा हाच होता. १९९० मध्ये रांगडेपणा ठरवून आणला होता, घरच्या अंगणात, सवडीने. १९७१ मध्ये पर्याय संपले होते. कॅसिनो जळालेला, थिएटरमधून पोलिसांनी हाकललेलं, दिवस मोजके. अशा वेळी बँडच्या पाचही जणांना एकच गोष्ट करायची होती, नीट वाजवायचं. आणि बर्चला एकच, ते जसं आहे तसं पकडायचं. त्याने त्या कॉरिडॉरला स्टुडिओ बनवायचा अट्टहास केला नाही. जेवढी गादी लागते तेवढी लावली, उरलेलं हॉटेल ऐकू येऊ दिलं.

पंचांचा निकाल

तर मंडळी, पंच म्हणून माझा कौल 'मशीन हेड'ला. कव्हरवर त्याचं पद काहीही छापलेलं असो.

कारण साधं आहे. 'रायझिंग'मध्ये बर्चकडे ऑर्केस्ट्रा होता. 'पॉवरस्लेव्ह'च्या वेळी बहामाजमधला झकास स्टुडिओ होता, आणि चार वर्षांत तयार झालेला, त्याच्या शब्दावर चालणारा बँड होता. 'मशीन हेड'च्या वेळी त्याच्याकडे होते गाद्या, केबल्स आणि कान. त्यावरही अल्बम असा उभा राहिला की पुढे तो जे जे करणार होता त्याचं बीज तिथे सापडतं. प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा, गायकाला समोर उभं करणं, आणि आपण मध्ये न येणं. दादाला 'पॉवरस्लेव्ह'मध्ये जे आवडतं ते हेच, आणि डिओवालीला 'स्टारगेझर'मध्ये जे आवडतं तेही हेच.

बर्च १९९२च्या 'फिअर ऑफ द डार्क'नंतर निवृत्त झाला. वय होतं त्रेचाळीस. पुढे अठ्ठावीस वर्षं तो जवळजवळ गप्पच राहिला. ना पुनरागमन, ना आठवणींचे दौरे. ९ ऑगस्ट २०२० रोजी, एकाहत्तराव्या वर्षी तो गेला, तेव्हा बातमी दिली व्हाइटस्नेकच्या डेव्हिड कव्हरडेलने. त्या दिवशी अनेकांनी पहिल्यांदाच आपले जुने अल्बम उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचली असतील. आमच्या पिढीतल्या पोरांनी ती नावं वाचायची सवय काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये लावून घेतली होती. खिशात पैसे नसले की कॅसेटचं इनले कार्ड वाचत उभं राहायचं, फुकट. ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं. आता गाणी फोनवर ऐकायची, तिथे गायकाचं नाव मोठं, आणि बाकीच्यांची नावं शोधायची तर तीन ठिकाणी टिचकी मारावी लागते.

आणि हो, एक गंमत. २०२४ मध्ये 'मशीन हेड'ची नवी मोठी आवृत्ती आली, तिचं नवं मिक्सिंग ड्वीझिल झापाने केलं. हो, फ्रँक झापाचाच मुलगा! ज्या रात्री वडिलांचा कार्यक्रम आणि सगळं सामान आगीत गेलं, त्या रात्रीतून जन्मलेला अल्बम पन्नास वर्षांनी मुलाच्या हाताखाली आला.

माझा निकाल ऐकून डिओवाली म्हणाली, "पंच फिक्स आहे." दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी बहामाज!" पर्पलवाला काही बोलला नाही. त्याने आम्हा सगळ्यांना फाँड्यू खिलवलं. स्वित्झर्लंडमधले भाव बघता यापेक्षा मोठा विजयोत्सव नाही.

जायचं असेल तर...

• कसं जाल : जिनिव्हाहून ट्रेनने साधारण तासाभरात माँत्रो. लोझानहून वीस-पंचवीस मिनिटं. शेंगेन व्हिसा लागतो.

• गावात फिरताना : व्हेव्हे ते व्हिलनव्ह धावणारी २०१ नंबरची ट्रॉलीबस माँत्रो, तेरिते, शियों सगळं जोडते. हॉटेलात उतरलात तर तिथे मिळणारं रिव्हिएरा कार्ड मागून घ्या, लोकल बस फुकट होते. पण पाय धड असतील तर चालाच.

• काय बघाल : फ्रेडी, धूनचं स्मारक, कॅसिनो (म्युझियम उघडं आहे का ते आधी तपासा), तेरितेतलं जुनं ग्रँड हॉटेल बाहेरून, आणि शेवटी शियोंचा किल्ला. या क्रमाने गेलात तर सगळं एका रांगेत येतं.

• कधी जाल : जुलैत जॅझ फेस्टिव्हल असतो, गाव ओसंडून वाहतं. 'मशीन हेड'साठी जायचं तर डिसेंबर. थंडी कळल्याशिवाय त्या गाद्यांचं आणि ट्रकपर्यंतच्या फेऱ्यांचं मोल कळणार नाही.

• कानात काय ठेवाल : ट्रेनमध्ये 'हायवे स्टार'. कॅसिनोपाशी 'स्मोक ऑन द वॉटर', चावट वाटलं तरी. तेरितेच्या वाटेवर 'पिक्चर्स ऑफ होम'. परतीला 'स्टारगेझर'. आणि रात्री हॉटेलात, दिवे मालवून, 'पॉवरस्लेव्ह'चं शेवटचं गाणं. मग तुमचा कौल तुम्हीच द्या. माझ्यावर विसंबू नका, पंच फिक्स आहे म्हणे!